यकृताच्या रोग्याला उपाशी ठेवू नका



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते, पाणीपाळ्या आणि खोडवा यांविषयी लिहितो. या अंकात विषय वेगळा घेतला आहे. ऊस विकासाच्या माणसाने दवाखान्याच्या गोष्टी कशाला सांगाव्यात, असे कोणी म्हणेल. त्यांचे बरोबर आहे. कृषी पदविकेपलीकडे आमचे शिक्षण नाही. पण गेल्या दीड वर्षात आमच्या डोळ्यांदेखत एक प्रसंग घडला, त्यात आमचीही एक चूक झाली. तीच चूक कार्यक्षेत्रातल्या कितीतरी घरांत होत असावी, असे वाटते. म्हणून हा लेख. घरच्या मंडळींना विचारूनच लिहिला आहे; मात्र सभासदाचे नाव देत नाही. सारा गाव त्यांना नाना म्हणतो, आपणही नानाच म्हणू.

नानांचे दुखणे

नानांचे वय छप्पन्न. तीन एकर आडसाली ऊस, दोन म्हशी. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी चुकत नाही. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवलेले नाहीत. दहा वर्षांपासून मधुमेह मात्र होता. दोन वर्षांपूर्वी पायांवर सूज आली, पोट वाढू लागले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितले की यकृत कडक होऊन आकसले आहे. त्याला सिऱ्होसिस म्हणतात.

गावाने काय म्हणावे? "माळ घालून चोरून पीत असणार!" बंधूंनो, हे आधी डोक्यातून काढून टाका. दारूने यकृत खराब होते हे खरेच. पण हिपॅटायटीस बी आणि सी या विषाणूंनी होते, तसेच मधुमेह आणि लठ्ठपणा यांमुळे यकृतात चरबी साठूनही होते. नानांचे कारण हे शेवटचे. माणूस आधीच दुखण्याने पिचलेला, त्यात आपल्या बोलण्याने तो दवाखान्यात जायलाही लाजतो.

दुखणे कळल्यावर घरात पथ्य सुरू झाले. कोणी म्हणाले डाळ जड, बंद करा. कोणी म्हणाले दूध-तूप यकृताला सोसत नाही. हळद पिवळी, म्हणून तीही बंद. राहिले काय? भाताची पेज, साबुदाणा, फळाची एखादी फोड. "लिव्हरला विश्रांती पाहिजे," असे जो तो सांगे. त्यात महिन्याच्या दोन एकादश्या आणि दर सोमवार. दुखणे आल्यापासून नानांनी देवाला साकडे घालून गुरुवारही धरला होता.

आणि आमची चूक? काविळीवर उसाचा रस चांगला, असे लहानपणापासून ऐकलेले. नानांचे डोळे पिवळसर दिसू लागल्यावर आम्ही आपणहून दर आठवड्याला गुऱ्हाळावरून रसाची किटली भरून त्यांच्याकडे पाठवत होतो. मधुमेही माणसाला! मनात भावना चांगली होती, पण चूक ती चूकच.

काट्याने फसवले

आमच्या गट ऑफिसच्या गोदामात खताचा काटा आहे. नाना आले की हौसेने काट्यावर उभे राहत. अठ्ठावन्न किलो. पुढच्या महिन्यात अठ्ठावन्न. त्याच्या पुढच्या महिन्यात एकोणसाठ. आम्ही म्हणायचो, "नाना, वजन उतरलेले नाही, काळजी करू नका." पण त्यांच्या घरातून काकी म्हणायच्या, "साहेब, अंगरखा खांद्यावरनं घसरतोय ओ. कानशिलं बघा की कशी आत गेल्यात."

काकींचे डोळे खरे ठरले आणि आमचा काटा खोटा. पोटात पाणी फारच साठले तेव्हा दवाखान्यात ते काढावे लागले. पाणी काढल्यावर वजन भरले एक्कावन्न किलो. म्हणजे महिनोन्‌महिने अंगावरचे मांस झडत होते आणि त्याची जागा पाणी भरून काढत होते. काट्याला दोन्ही सारखेच.

बंधूंनो, ही गोष्ट आपल्याला नवी का असावी? तोडणीआधी पाणी तोडले नाही तर ऊस वजनाला भरतो आणि उताऱ्याला मार खातो, हे आपण दर हंगामात बघतो. काट्यावरचे टन म्हणजे पोत्यातली साखर नव्हे. यकृताच्या रोग्याचेही तसेच. त्याच्या वजनावर जाऊ नका, उतारा बघा. तो बघायच्या घरगुती खुणा अशा: कानशिलांवर खड्डे पडले का? दंड बारीक झाला का? हाताची पकड ढिली पडली का? जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो का? महिन्यातून एकदा दंडाच्या मध्यावर सुतळी गुंडाळून गाठ मारून ठेवा. पुढच्या महिन्यात तीच सुतळी सैल पडली, तर काटा काहीही सांगो, माणूस झडतो आहे असे समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

यकृत म्हणजे साखरेचे गोदाम

पुढे एका रात्री दीड वाजता नानांच्या मुलाचा फोन आला. नाना असंबद्ध बोलत होते, हात पंख्यासारखे फडफडत होते, घरच्यांना ओळखत नव्हते. तशीच गाडी काढून शहरातल्या दवाखान्यात नेले. चार दिवसांनी शुद्ध नीट आली. तेव्हा तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी काकींना पहिला प्रश्न विचारला तो असा: "काका रात्री किती वाजता जेवतात आणि सकाळी तोंडात पहिला घास किती वाजता जातो?"

काकींनी हिशेब सांगितला. संध्याकाळी सात वाजता पेज. सकाळी आंघोळ, पूजा, हरिपाठ, मग दहा वाजता काहीतरी. मध्ये पंधरा तास. उपवासाच्या दिवशी तर विचारूच नका.

बाईंनी जे समजावले ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो. यकृत हे शरीराचे साखर गोदाम आहे. आपण जेवतो त्यातली जास्तीची साखर यकृत ग्लायकोजेन म्हणून साठवते आणि रात्री आपण झोपलो की थोडी थोडी बाहेर सोडते. निरोगी माणसाची रात्र या साठ्यावर निभते. आजारी यकृताचे गोदाम लहान झालेले असते. ते लवकर रिकामे होते.

आपल्या कारखान्यात गव्हाणीला ऊस आला नाही की 'नो केन' होते आणि मिल थांबते. शरीराची मिल थांबवता येत नाही. हृदय, मेंदू, श्वास चालूच राहिले पाहिजेत. मग शरीर काय करते? सरपण संपल्यावर घराचे वासे काढून चुलीत घालावेत, तसे ते स्वतःचे मांस मोडून त्यातून साखर तयार करते. १९८३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हे मोजून दाखवले होते. निरोगी माणूस दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर त्याच्या शरीराची जी अवस्था होते, ती सिऱ्होसिसच्या रोग्याची एका रात्रीच्या उपासाने होते. म्हणजे आमचे नाना रोज रात्री दोन-तीन दिवसांचा उपवास करत होते, आणि वर एकादशी वेगळी!

त्यात या रोग्याला भूकही धड लागत नाही. पोटातले पाणी जठराला दाबते, चार घासांत पोट भरल्यासारखे वाटते. तोंडाची चव जाते. पित्त कमी पडल्याने तेल-तूप नीट पचत नाही. शिवाय तपासण्यांसाठी 'सकाळी उपाशीपोटी या' म्हणून सांगतात आणि नंबर लागतो दुपारी बाराला. अशा वेळी संकोच न करता पहिला नंबर मागून घ्यावा. रक्त दिल्याबरोबर खायला डबा जवळ ठेवावा.

युरिया आणि मांस

नाना रात्री भ्रमले ते कशामुळे? हे ऐकून तर आम्ही चकित झालो, कारण गोष्ट आपल्या रोजच्या युरियाची निघाली. शेतात युरिया टाकला की त्याचा अमोनिया होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. शरीरात उलटे चालते. अन्न पचताना आतड्यात अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. यकृत त्याचा युरिया करते आणि तो लघवीवाटे बाहेर जातो. यकृत थकले की अमोनिया रक्तात साठतो, मेंदूवर चढतो. माणूस विसरतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, हात थरथरतात, शेवटी बेशुद्ध पडतो.

पण यकृत थकले तरी एक मदतनीस असतो. तो म्हणजे अंगातले मांस, आपले स्नायू. अमोनिया बांधून ठेवण्याचे थोडे काम स्नायूही करतात. उपाशी ठेवून ते मांसच घालवले तर मदतनीसही गेला. म्हणजे ज्या पथ्याने यकृताला विश्रांती मिळेल असे घरच्यांना वाटत होते, त्याच पथ्याने रोग्याचा उरलेला आधार काढून घेतला.

यात घरच्यांचा दोष नाही. एके काळी डॉक्टरही हेच सांगत. गंमत अशी की १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉ. पाटेक यांनी सिऱ्होसिसच्या रोग्यांना पौष्टिक, भरपूर प्रथिनांचा आहार देऊन चांगला गुण दाखवला होता. पुढे १९५० च्या दशकात अमोनिया आणि भ्रम यांचा संबंध लक्षात आला आणि डाळ, दूध, अंडी तोडण्याची पद्धत पडली. ती कित्येक वर्षे चालली. २००४ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी भ्रम झालेल्या रोग्यांचे दोन गट केले. एकाला सुरुवातीला प्रथिने तोडून आहार दिला, दुसऱ्याला नेहमीइतकी प्रथिने दिली. तोडल्याने भ्रम लवकर गेला नाही; उलट त्या गटात शरीरातली प्रथिने जास्त मोडली. आता डॉक्टर प्रथिने बंद करू नका, असेच सांगतात. डॉक्टरांनी जुने सोडले, पण आपल्या माजघरात ते अजून बसून आहे.

किती आणि केव्हा खावे

हिशेब सोपा आहे. रोग्याच्या दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ३० ते ३५ कॅलरी. वजन धरायचे ते पाणी वगळून. पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. (लठ्ठ माणसाचा आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांकडून घ्यावा.) नाना माळकरी, अंडी-मटण खात नाहीत. त्यांच्यासाठी बाईंनी बसवून दिलेले वेळापत्रक असे आहे. आकडे अर्थातच अंदाजे.

सकाळी ७ — कपभर दूध आणि उपमा किंवा पोहे. प्रथिने १० ग्रॅम.
सकाळी १० — मूठभर भाजलेले शेंगदाणे. ७ ग्रॅम.
दुपारी १ — दोन भाकरी, मुगाची घट्ट आमटी, भाजी, वाटीभर दही. २२ ग्रॅम.
संध्याकाळी ५ — मूठभर बिनमिठाचे फुटाणे, एखादे फळ. ६ ग्रॅम.
रात्री ८ — दोन चपात्या, मटकीची उसळ, थोडा भात. १७ ग्रॅम.
रात्री १० — कपभर दूध आणि दोन चपात्या. ११ ते १२ ग्रॅम.

बेरीज सत्तरच्या पुढे जाते. यात बाजारातला महागाचा डबा एकही नाही. सगळे आपल्या कणगीतले आणि गोठ्यातले. जे खातात त्यांनी अंडी, मासे, कोंबडी खायला हरकत नाही. भ्रमाचा त्रास असणाऱ्यांना डाळी आणि दूध-दही जास्त मानवते.

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटची, रात्री दहाची. झोपण्यापूर्वीचे हे खाणे म्हणजे रात्रपाळीसाठी गव्हाणीवर आणून ठेवलेला ऊस. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सिऱ्होसिसच्या काही रोग्यांना पूरक आहार दिवसा दिला, काहींना तोच आहार रात्री दिला. वर्षभरानंतर पाहिले तर रात्री खाणाऱ्यांच्या अंगी मांस धरले होते, दिवसा खाणाऱ्यांच्या नाही. आहार तोच, फक्त वेळ बदलली. उसाला खताची मात्रा जेवढी महत्त्वाची तेवढीच ती देण्याची वेळ, इथेही तेच. दिवसा जागेपणी तीन-चार तासांपेक्षा जास्त पोट रिकामे ठेवू नये. मधुमेह असेल तर रात्रीचे खाणे टाळायचे नाही. गोळ्या आणि इन्शुलिन त्याप्रमाणे डॉक्टरांकडून बसवून घ्यायचे.

पथ्य कशाचे करावे

१) दारू पूर्ण बंद. थोडीशीही चालत नाही, सणावारालाही नाही.

२) पोटात पाणी असेल तर मीठ कमी. दिवसाला सगळे मिळून सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. लोणचे, पापड, फरसाण, खारी, सुकी मासळी यांतून मीठ फार जाते, ते टाळावे. पण जेवण इतके अळणी करू नये की रोगी ताट सारून देईल. लिंबू, कोथिंबीर, जिरे, आले यांनी चव आणावी. बाजारातले 'कमी सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

३) भाजीतली हळद चालते, फोडणीचे तेल चालते. हळदीच्या गोळ्या, झाडपाल्याचे काढे आणि अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

४) उसाचा रस. आम्ही ऊसवाले, आमच्या तोंडी हे शोभणार नाही, पण सांगतो: उसाचा रस हे यकृताचे औषध नाही. त्यात साखर आणि पाणी आहे, प्रथिने जवळजवळ नाहीत. रसाने पोट भरते आणि डाळ-भाकरी मागे पडते. मधुमेह्याला तर तो अपायच. शिवाय रसाच्या गाड्यावरचे पाणी किंवा बर्फ दूषित असेल तर त्यातूनच कावीळ होते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची केवढी साथ आली होती, हे आपल्या भागातल्या लोकांना आठवत असेल. आधीच यकृत खराब असलेल्या माणसाला अशी कावीळ जिवावर बेतू शकते.

५) शौचाला साफ होण्यासाठी दिलेले गोड औषध बंद करू नये. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचाला झाली पाहिजे. बद्धकोष्ठाने अमोनिया वाढतो.

रक्ताची उलटी, काळी शौच, ताप आणि पोटदुखी, लघवी कमी होणे किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा. हिपॅटायटीस बी आणि सी यांची तपासणी व औषधे २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. सी वर तर आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रोगी बरे होतात. घरात कोणाला असेल तर इतरांनीही तपासून घ्यावे.

एकादशीचा प्रश्न

सगळ्यांत अवघड गेले ते उपवास सोडणे. नाना ऐकेनात. "साहेब, तीस वर्षांची एकादशी. आता म्हातारपणी मोडू?" आम्ही काय बोलणार? शेवटी त्यांच्या दिंडीतल्या एका वयोवृद्ध माळकऱ्यांना आम्ही घरी घेऊन आलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "नाना, पांडुरंगाला तुमची हजेरी पाहिजे. उपाशी मारून त्याला काय मिळणार? दूध घ्या, दाणे घ्या, नाम घ्या." नाना बराच वेळ गप्प बसले. मग काकींना म्हणाले, "रातच्याला दूध आण."

सोमवार आणि गुरुवार सुटले. एकादशीला आता दूध, दही, दाणे, राजगिरा दर तीन तासांनी चालतो आणि रात्री दहाचे दूध चुकत नाही.

नाना बरे झाले, असे आम्ही लिहिणार नाही. यकृत होते तसेच आहे. पोटातले पाणी अधूनमधून येते, औषधे चालू आहेत, पुढचे डॉक्टरांच्या हाती. पण दहा महिन्यांत भ्रमाचा झटका पुन्हा आलेला नाही. दंडाची सुतळी दोन बोटे पुढे सरकली आहे. परवा आम्ही त्यांच्या खोडव्याच्या नोंदीला गेलो, तर नाना बांधावर उभे. नांग्या किती पडल्या ते आम्हाला दाखवत अर्धा फड चालले. उन्हे कलली तशी काकींनी घरून हाक मारली, "अवं, पाच वाजले, फुटाणं राहिल्यात!" नाना हसून म्हणाले, "चला साहेब, आमची पाणीपाळी आली."

ती किटली मात्र आमच्या गट ऑफिसात तशीच पडून आहे. ती नजरेला पडली की आम्हाला आमची चूक आठवते. तेव्हा बंधू-भगिनींनो, तुमच्या घरात, भावकीत, शेजारी यकृताचा रोगी असेल तर भेटीला जाताना रस, साखर, सल्ला असले काही नेऊ नका. शेरभर मूग न्या, शेंगा न्या, आणि घरच्या बाईला एवढेच विचारा: रात्री झोपताना यांना काय खायला देता?

आपला,
ऊस विकास अधिकारी